फोटोतला जांभळा

माझ्या भावाच्या घरात सकाळ दोनदा होते. एक जगाची, ती उजाडल्यावर. दुसरी दुपारच्या चहाच्या सुमाराला, बैठकीच्या खोलीत, भिंतीला लागून ठेवलेल्या काचेच्या टाकीत. आधी वरचा दिवा अंधुक निळा होतो, मग हळूहळू पांढरा, आणि दगडांच्या फटींत झोपलेले मासे एकेक करून बाहेर येतात. त्या वेळी मी घरात एकटी असते. सोफा निळा, भिंत निळी, माझे हात निळे. समोरच्या कपाटाच्या आरशात मी पाहत नाही. उगाच कशाला स्वतःचं भूत बघा?

ही दुसरी सकाळ माझ्या भाचीनं लावलेली. कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं, पण जन्मली तेव्हा इतकी गोलमटोल होती की मी ठमी म्हटलं आणि तेच चिकटलं. ती बेकरीत पहाटपाळीला जायची. जग झोपलेलं असताना कणीक मळायची आणि दुपारी घरी यायची. म्हणून तिनं टाकीच्या दिव्याचं घड्याळही आपल्याबरोबर पुढं सरकवलं. म्हणायची, "आत्या, मी घरात नसताना यांनी उजाडून करायचं काय?" गेल्या थंडीत ती गेली. दिव्याला ते कोण सांगणार? तो आपला रोज तिच्या येण्याच्या वेळेला उजाडतो. मी एकदा ते घड्याळ बदलायला गेले तर भावानं माझा हात धरला. मी परत त्या वाटेला गेले नाही.

आणि त्याच वेळी तो आवाज येतो. कट्. थोडं थांबून पुन्हा, कट्.

ठमी कामावरून आली की टाकीपुढं उभी राहून एकेक बोट मोडायची. मळून मळून हात भरून यायचे तिचे. मी तेव्हा पलीकडच्या गल्लीत राहायचे, पण दुपारचा चहा इथेच. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "मोडून हातात येतील एक दिवस, मग बस!" ती गेल्यावर पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ठमे, बोटं मोडू नकोस गं!" आणि मग मी हातात गाळणी धरून तशीच उभी राहिले. चहा उतू गेला, ओटा भरला, तरी हलायचं सुचेना.

मी भित्री नाही. बाई, मी नवरा गेल्यावर त्याच्या भांडखोर भावांना एकटीनं पुरून उरलेय. पण त्या घरात पाठीला डोळे फुटल्यासारखं व्हायचं ते खरं.

मी इथं राहायला आले ती ठमीच्या आजारपणात. तिची आई ती शाळेत जायच्या आधीच वारली, पोरीला भावानं एकट्यानं वाढवलं. तिला रक्ताचा आजार निघाला तेव्हा मी माझ्या खोलीला कुलूप घातलं आणि पिशवी घेऊन आले. परत जायचं राहिलंच. कारण ठमी गेली आणि भाऊ जेवायचा बंद झाला. बंद म्हणजे अगदीच उपाशी नाही. ताटावर बसायचा, दोन घास चिवडायचा, आणि उठायचा. पट्ट्याला नवीन भोकं पाडून घ्यायचा. गाल आत गेले. माझ्यापेक्षा लहान तो, मी कडेवर घेऊन फिरवलेला, आणि माझ्यादेखत वाळत चाललेला. मी गोडीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर ताट आपटलंसुद्धा. काही उपयोग नाही. मला जगात एकच गोष्ट हवी होती, या माणसानं जगावं.

त्याला जगात एकच गोष्ट हवी होती, टाकीतल्या प्रवाळाचा रंग परत यावा.

प्रवाळ म्हणजे पोवळं, अंगठीतला लाल खडा, एवढंच मला ठाऊक होतं. ठमीनं शिकवलं की तो दगड नव्हे, झाडही नव्हे, तो जीव आहे. एका भिंतीत हजारो बिऱ्हाडं, प्रत्येकाला एक बारीकसं तोंड. तिच्या टाकीत अशा फांद्यांचं रानच होतं. ती गेली त्या आठवड्यात ते सगळं पांढरंफटक पडून मेलं. आम्ही कुणीच शुद्धीवर नव्हतो, टाकीकडे बघतो कोण? हाडांच्या ढिगासारखा तो ढीग मी माझ्या हातानं बाहेर काढला. मागच्या कोपऱ्यात, कपारीच्या सावलीत, मुठीएवढा एक तुकडा तेवढा वाचला. तोही पुढं काळवंडत गेला. चहाच्या चोथ्यासारखा रंग झाला त्याचा.

भाऊ गाड्या रंगवायच्या कारखान्यात रंग जुळवतो. कुणाची गाडी ठोकली, दार चेपलं, तर नवा पत्रा जुन्या रंगाशी जुळायला हवा. उन्हानं विटलेल्या रंगाशीसुद्धा. मशीन आहे म्हणे आता त्याला, पण मशीन चुकलं की भावाला हाक मारतात. तो नुसत्या डोळ्यानं सांगतो, यात थेंबभर काळा कमी आहे. असल्या माणसाला "साधारण तसाच" हा शब्द चालत नाही. आणि त्याच्या फोनमध्ये एक फोटो होता.

फोटो ठमी दवाखान्यात होती तेव्हाचा. टाकी तो एकटा सांभाळत होता. फोटोत त्या फांद्या जांभळ्या. असा जांभळा मी आयुष्यात कुठं पाहिला नाही, साडीत नाही, फुलात नाही. आतून दिवा लावल्यासारखा. भावानं तो दवाखान्यात नेऊन ठमीला दाखवला, तेव्हा मी तिथंच पायाशी बसले होते. ठमीनं फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा करकरून पाहिला, मग मान वर करून म्हणाली, "बाबा, काय सुंदर दिसतंय! माझ्या हातून कधी नाही असं फुललं." भावाच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी त्या सगळ्या महिन्यांत तेवढं एकदाच पाहिलं.

तर भावाला तोच जांभळा हवा होता. कारखान्यात बसून त्यानं तो रंग बनवला, पत्र्याच्या एका पट्टीवर मारला, आणि रोज कामावरून आला की ती पट्टी काचेला लावून त्या चोथ्याच्या गोळ्याशी ताडून बघायचा. तेही फक्त पांढऱ्या उजेडात. म्हणायचा, "निळ्यात काय, काहीही चमकतं. पांढऱ्यात टिकेल तो रंग." काच पुसायचा तीसुद्धा एक जागा सोडून. डाव्या बाजूला, बाहेरून, ठमीच्या तळव्याचा ठसा होता. ओला हात टेकवून ती आत वाकायची, त्या खाऱ्या पाण्याचा पांढरा ठसा. पाची बोटं दिसायची. मी एकदा आवरायच्या भरात फडकं घेऊन तिथवर पोचले होते. "ताई!" असा ओरडला तो, की माझ्या काळजाचं पाणी झालं. जन्मात आवाज चढवला नव्हता त्यानं माझ्यावर.

शेवटी मीच खारीला बोलावलं. खारी म्हणजे ठमीची मैत्रीण, तिचं अशाच टाक्यांचं दुकान आहे. कायम हात मिठाच्या पाण्यात, म्हणून ठमीनं ठेवलेलं नाव. तोंडाचा पट्टा असा की माझ्यासारखीला तिच्यापुढं गप्प बसावं लागतं. ती आली, दारातच रडली, नाक पुसलं, आणि टाकीचं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात थेंब टाकत बसली. नळीतलं पाणी लालभडक झालं.

"काका, हे पाणी आहे की सार?" ती म्हणाली. "खायला किती घालता?"

"चिमूटभर," भाऊ म्हणाला. "सकाळी एकदा. आणि संध्याकाळी एकदा. आणि मध्ये कधी वाटलं तर."

"आणि तुम्ही, आत्या?"

"मी? मी त्या टाकीकडे ढुंकून बघत नाही," मी म्हटलं.

खारी माझ्याकडे बघत राहिली. मेली बघतच राहिली.

"दुपारी घालते थोडं," मी म्हटलं. "उजाडल्यावर बाहेर येतात, तोंड वासून बघतात काचेतून. कुणाच्या तोंडाकडे बघत चहा पिणं बरं दिसतं का?"

भाऊ हसला. खरंच हसला, नाकातून का होईना. पोरगी गेल्यावर दोन माणसं एकमेकांना चोरून तिच्या माशांना भरवत होती. स्वतःचं ताट तसंच ठेवून.

"अति तिथं माती," खारी म्हणाली. "उरलेलं सगळं पाण्यात कुजतं. त्याच्यावर शेवाळ माजतं, आणि त्याचाच हा तपकिरी रंग. हात आवरा. पाणी थोडं थोडं बदला, क्षार स्थिर ठेवा, दिवा आहे तसा राहू दे. रंग येईल, पण आपल्या पावलांनी येईल. घाई केलीत तर जाईल जिवानिशी."

जाता जाता मी तिला दाराशी गाठून त्या आवाजाबद्दल विचारलं. ती म्हणाली, दगडात एक झिंगा असतो, नांगी वाजवतो, काच तडकल्यासारखा आवाज करतो.

"तू पाहिलास कधी?"

"छे! तो दिसतच नाही कधी. टाकी मोडली तरच सापडतो."

"मग तुझ्या झिंग्यात आणि भुतात फरक काय गं?" मी म्हटलं. ती हसत सुटली. मला मात्र तेव्हा हसू आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कट् झालं तेव्हाही नाही.

आम्ही खारीचं ऐकलं. तीही अधूनमधून पाणी तपासायला यायची. चिमूट मोजून घालायला लागलो. त्या गोळ्याचा चोथा जाऊन जरा मधासारखा रंग आला, कडेनं फिकट जांभळी रेघ उमटली. मला तर आनंद झाला. भाऊ पट्टी लावून बघायचा आणि मान हलवायचा. "हा नव्हे."

आणि मग, खारी यायची बंद झाली तशा थोड्याच आठवड्यांत, ते झपाट्यानं बदललं. रोज उजाडलं की आदल्या दिवसापेक्षा गडद नव्हे, उजळ. मध ओसरला आणि आतून जांभळा वर आला. दुपारी मी चहा घेऊन त्या खोलीत गेले आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. फोटो. फोटोतला तोच जांभळा, आतून पेटलेला, आणि तोही पांढऱ्या उजेडात. खोलीत कुणीतरी माझ्या आधी येऊन बसलेलं आहे असं मला वाटलं. मी मोठ्यानं म्हटलं, "ठमे, आलीस का?" असं म्हणायला नको होतं, पण म्हटलं.

भावानं कारखान्यात रजा टाकली. स्टूल टाकीसमोर ओढलं आणि तिथंच बसायला लागला. आणि काय सांगू, तो जेवला! ताट मी तिथंच नेऊन दिलं, त्यानं पाण्याकडे बघत सगळं संपवलं आणि अजून मागितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून रडले. म्हटलं, सुटले. एका दगडी किड्यानं माझा भाऊ परत दिला, मी जन्मभर त्याला चिमूट घालीन.

मीच मोठ्या हौसेनं खारीला फोन केला. ये, तुझी करामत बघायला ये. भाऊ आंघोळीला गेला होता तेवढ्यात ती आली. टाकीपुढं आली आणि तिच्या तोंडाचा पट्टा थांबला. बाही वर करून तिनं पाण्यात हात घातला, आणि चटकन काढला.

"आत्या, पाणी इतकं गरम कुणी केलं?"

टाकीच्या मागं पाणी गरम ठेवायची नळी असते, तिचा खटका खूप वर सरकवलेला होता. दिवाही बराच खाली ओढलेला. मला त्यातलं काय कळतंय? मी म्हटलं, "पण रंग आला ना?"

खारीनं मला खाली बसवलं. तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. त्या जिवाच्या अंगात तपकिरी शेवाळाचे कण भाडेकरूसारखे राहतात. उजेडावर ते रांधतात आणि घरमालकाला जेवू घालतात. पाणी तापलं, उजेड पोळायला लागला, की भाडेकरू निघून जातात. मग तो जीव उघडा पडतो, आणि पोळू नये म्हणून अंगात होता नव्हता तेवढा रंग वर काढतो. बघणाऱ्याला वाटतं, काय फुललंय! "पण आत चूल विझलेली असते, आत्या. असा रंग चढला की थोडे दिवस. मग पांढरं."

"थोडे म्हणजे?"

"आता खाली उतरवलं तर वाचेल कदाचित. तपकिरी होईल परत. तपकिरी असलं म्हणजे जेवतंय."

माझ्या डोळ्यांपुढं तो फोटो आला. मी भावाचा फोन टेबलावरून उचलला, त्याला कुलूपबिलूप काही नसतं, आणि फोटो खारीपुढं धरला. तिनं दोन बोटांनी तो मोठा केला. अगदी तसाच. फांदीच्या टोकाशी नेला. "बघा, सगळी तोंडं मिटलेली आहेत. टोकं पांढरी पडायला लागलीत. तेव्हा ते मरतच होतं." मग तिचा आवाज फुटला. "आत्या, ठमीनं हा पाहिला होता का हो?"

मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. मला दवाखान्यातली पोरगी दिसत होती. त्या शेवटच्या महिन्यात तिचे गाल असे लाल झाले होते, डोळे असे चमकायचे, की भेटायला येणारी माणसं म्हणायची, तब्येत सुधारली हो, काय तजेला आलाय. मीही म्हटलं होतं. ती हसून घ्यायची. तिला स्वतःचंही कळत होतं आणि त्या फांद्यांचंही. आणि बापाला म्हणाली, सुंदर दिसतंय.

खारीला मी घालवून दिलं. पुढचं मला एकटीला करायचं होतं. रंग उतरवला तर भाऊ पुन्हा ताटावरून उठणार. नाही उतरवला तर ठमीचं जे एवढंसं उरलंय तेही मरणार, आणि मग तो काय करेल, देवच जाणे. आणि का उतरवायचं ते सांगायचं, म्हणजे त्याला सांगायचं की बाबा रे, ज्या फोटोवर तू जगतोयस, त्यात तूच पाणी तापवून बसला होतास, आणि तुझ्या पोरीला ते कळलं होतं. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात सगळे, पण हे जिभेवर येईना.

तो ओल्या केसांनी आला आणि स्टुलावर बसला. दिवा पांढरा झाला होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "ते पाणी गार कर."

त्यानं रंगाची पट्टी काचेला लावली.

"खारी येऊन गेली. ते मरायला लागलंय. हा रंग मरणाचा आहे रे! तेव्हाचाही..."

"तेव्हाचाही तोच होता," भाऊ म्हणाला. "माहीत आहे मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तेव्हा टाकी गार ठेवणारा पंखा बिघडला होता. पाणी तापलं. मला कळलं नाही, मला वाटलं फुललं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "पण तिनं फोटो मोठा करून पाहिला ना, तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. जन्म गेला माझा रंग बघण्यात, ताई. पोरीच्या चेहऱ्याचा रंग कळणार नाही मला? ती सुंदर म्हणाली, मी हसलो. तिला वाटलं मला फसवलं. मला वाटलं, वाटू दे."

"अरे मग मेल्या, हे कशाला चालवलंयस?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खरंच ओरडले. "मुद्दाम? उरलेलं एवढंसं, तेही मुद्दाम मारतोयस?"

"तेव्हा उशाशी बसलो होतो, मला उठवून पाठवलं तिनं," तो म्हणाला. "शेवटच्या दिवशी. बाबा, टाकीत पाणी कमी झालं असेल, भरून या. मी गेलो. पाणी भरत होतो. परत आलो तर तू दारात उभी होतीस." त्यानं बोटानं काचेकडे दाखवलं. "आता हे जाईल तेव्हा मी इथंच असणार. जेवीन, झोपीन, सगळं इथं. या खेपेला मला कुणी उठवायचं नाही."

त्या खोलीत इतके महिने काय वावरत होतं ते मला तेव्हा कळलं. ठमी नव्हती ती. माझी पोर कुणाला छळणारी नव्हतीच. तो हा होता, माझा भाऊ, त्या दवाखान्याच्या दाराबाहेर अजून उभा असलेला. त्यानं मला इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं, आत काय झालं. आणि मी, जगाला टोकणारी बाई, आपणहून सांगितलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली आणि त्याच्याशेजारी बसले.

"मी होते आत," मी म्हटलं. "विचार मला."

त्यानं टाकीवरून नजर काढली. मग म्हणाला, "त्रास झाला तिला?"

"झाला. खोटं नाही सांगत. फार वेळ नाही."

"काही म्हणाली?"

"तू गेल्यावर म्हणाली, आत्या, बाबा घरी पोचले असतील का? मी म्हटलं, अगं आत्ताच तर गेला, जिना उतरत असेल. तर म्हणाली, बरं. डोळे मिटून पडली. श्वास लागला होता. नर्स आली, मी तिचा हात धरला. मध्येच पुन्हा म्हणाली, पोचले का? मी म्हटलं, वाटेत असेल गं. तर म्हणाली, मग थांबते." मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. "असं तिनं किती वेळा विचारलं, मी मोजलं नाही. ती जीव धरून बसली होती रे. तुझ्यासमोर जायचं नव्हतं तिला, आणि तू रस्त्यात असतानाही जायचं नव्हतं. शेवटी मला बघवेना. मी म्हटलं, पोचला गं बाळा. घरात आहे. पाणी भरतोय. तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली आणि तिनं हात सोडला."

भावानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मला काय माहीत तू कुठं होतास," मी म्हटलं. "मी अंदाजानं सांगितलं."

"पोचलो होतो," तो हातांच्या आतून म्हणाला. "बादली नळाखाली होती." मग हात खाली घेऊन म्हणाला, "म्हणजे मी उठलो नसतो तर?"

"तर ती तशीच तळमळत राहिली असती. तू उठलास म्हणून तिला सुटता आलं."

तो रडला. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा, लहानपणी रडायचा तसा, आवाज काढून. मी गप्प हो म्हटलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून मीही रडले, आणि टाकीत ते जांभळं तसंच जळत होतं, आम्ही दोघंही तिकडे बघत नव्हतो. मग त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, स्टुलावरून उठला, टाकीच्या मागं हात घातला आणि खटका खाली ओढला.